दोन सूत पाणी

मरियमला गप्प करायचं तर तिला झोपवावं लागतं, असं तिची अम्मी खैरुन्निसा म्हणायची. “झोपेत तरी कुठं गप्प असते?” असं अब्बा वर जोडायचे. त्यात त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णव साली, तर विचारूच नका. रास अल खैमा ह्या आखाती शहरातल्या तिच्या शाळेत अरबी वाचनाची स्पर्धा झाली आणि मरियम पहिली आली. परीक्षक बाईंनी सगळ्या शाळेसमोर “मुमताज! मुमताज!” म्हणजे ‘उत्तम! उत्तम!’ करत तिचे दोन्ही गाल ओढले. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला टेकत होते ते केवळ सवयीने. किराणावाल्याशी अरबी, बेकरीवाल्याशी अरबी, टॅक्सीवाल्या पठाणाशीसुद्धा अरबी. त्या बिचाऱ्याला तिच्या निम्मंही येत नसायचं. तो आपला मान डोलवायचा.

तिचे अब्बा, जमाल मिस्त्री, अगदी उलटे. जयगडच्या खाडीकाठचा माणूस, बावीस वर्षं इथं टाइल बसवत होते. दिवसाला बोलणार दहा वाक्यं, त्यातली चार नुसतीच ‘हां’. अरबी त्यांना समजायचं बऱ्यापैकी, पण बोलायला गेले की साइटवरचे पाच शब्द निघायचे आणि पुढं हातवारे. म्हणून जुलैची सुट्टी लागल्यावर त्यांनी मरियमला कामावर बरोबर न्यायला सुरुवात केली. कारण ह्या कामाला तिच्या जिभेची खरोखरच गरज होती.

काम होतं अजीजच्या आईच्या घरी. अजीज म्हणजे अब्बांचा कफील, ज्याच्या व्हिसावर ते ह्या देशात होते तो अरब. खाडीच्या अंगाला जुन्या वस्तीत त्याच्या वडिलांनी बांधलेलं बैठं घर. भिंतींच्या ब्लॉकमध्ये समुद्राची रेती, त्यामुळे रंग कितीही द्या, वर्षाच्या आत भिंतीला मीठ फुटायचं. तिथं म्हातारी एकटी राहायची, सोबतीला सहा बकऱ्या. सगळे तिला उम्म अजीज म्हणायचे, अजीजची आई. मे महिन्यात न्हाणीघरातली एक टाइल तिच्या पायाखाली डुगली, म्हातारी आडवी झाली आणि खुब्याचं हाड मोडलं. पाच आठवडे हॉस्पिटल. तिथलं जेवण तिला विष वाटायचं आणि नर्सा दुश्मन. “ह्या शनिवारी मला घरी नेलं नाहीस तर मी चालत येईन,” असं तिनं अजीजला बजावलं होतं. चालता तर येत नव्हतं, पण अजीज घाबरला.

त्यानं अब्बांना सांगितलं, “जमाल, पुराना सब तोड दो. नया शॉवर बनाओ, पूरा टाइल का. चेअर अंदर जानी चाहिए, बैठने को जगह चाहिए. ऐसा बनाओ की मेरे बेटे का बेटा भी उसमें नहाए.”

म्हणजे दाराला उंबरा नको, भिंतीला लागून पक्का कट्टा हवा, हाताला धरायला दांडा हवा. पण कट्टा किती उंच? म्हातारीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आता परक्या बाईचा गुडघा परक्या पुरुषानं मोजायचा कसा! अब्बांनी मरियमच्या हातात सुतळी दिली आणि तिला अजीजच्या बायकोबरोबर हॉस्पिटलात पाठवलं.

“तू कोण?” उम्म अजीजनं विचारलं.

“मिस्त्रीची मुलगी. तुमचा गुडघा मोजायला आलेय,” मरियम शाळेतल्या शुद्ध अरबीत म्हणाली.

म्हातारी अशी हसली की पलीकडच्या खाटेवरची बाई जागी झाली. “चाळीस वर्षांत माझ्या गुडघ्याची कुणी चौकशी केली नव्हती. मोज, मोज!”

मरियमनं सुतळीला तीन गाठी मारल्या. एक गुडघ्याची, एक हात पोचतो तिथली, एक बसल्यावर डोकं येतं तिथली. ती सुतळी अब्बांनी न्हाणीघरातल्या खिळ्याला टांगली आणि सगळं काम त्या तीन गाठींवर केलं. मरियमला वाटायचं, अर्धा शॉवर तर मीच बांधलाय.

सगळं मजेत चाललं होतं. मग गावाहून फोन आला.

बानू फुफी आजारी होती हे माहीत होतं. पण आता पोटातली गाठ काढण्यापलीकडं गेली होती, आणि रत्नागिरीच्या डॉक्टरनं घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. घरी घेऊन जा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. बानू फुफी ही अब्बांची थोरली बहीण. अब्बा चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तेव्हा बानू तेरा वर्षांची. तिनं भावाला कडेवर घेऊन विहिरीचं पाणी भरलं, त्याला शाळेत घातलं, तो कामाला लागेपर्यंत स्वतःच्या लग्नाला नाही म्हटलं. दर वर्षी कुणा ना कुणाबरोबर ती सुके बोंबील आणि कोकमं पाठवायची, आणि फोनवर मरियम आली की म्हणायची, “आली गो बडबडी! बोल, बोल, तुझा आवाज ऐकला की घर भरल्यासारखं वाटतं.”

अब्बांनी कार्ड घालून बाहेरच्या बूथवरून फोन लावला. मरियम शेजारी कान लावून उभी होती. पलीकडचा आवाज कोरड्या पानासारखा होता. “जमाल्या, सावकाश ये,” फुफी म्हणाली. “पण ये.”

अब्बांनी रिसीव्हर ठेवला, आणि थोडा वेळ हात त्याच्यावरच होता.

सुट्टीची गर्दी, विमानं भरलेली. शारजाहून गुरुवारी दुपारी एक सीट मिळाली, त्यानंतरची थेट रविवारी. गुरुवार धरला. पासपोर्ट मात्र अजीजच्या कपाटात. इथं सगळ्यांचेच पासपोर्ट कफीलच्या कपाटात असायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. अजीज वाईट माणूस नव्हता. त्यानं अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जमाल, तुम्हारी बहन, मेरी बहन. मगर मेरी माँ शनिवार को आ रही है. शॉवर खलास करो, पासपोर्ट हाथ में लो. मैं खुद एअरपोर्ट छोडूँगा.”

अब्बांनी हिशेब मांडला. भिंतींच्या टाइली वरून कंबरेपर्यंत लागल्याच होत्या. खाली जमिनीला ढाळ दिला होता, कोपरे गोल करून घेतले होते, त्यावर जाळी अंथरून काळ्या रसायनाचे तीन थर मारले होते, भिंतीवर हातभर चढवून. हे काळं अस्तर म्हणजेच खरा शॉवर, टाइल ही नुसती वरची साडी, असं अब्बा म्हणायचे. आता राहिली होती पाण्याची परीक्षा. मोरीच्या जाळीच्या तोंडात बोळा मारायचा, दाराशी सिमेंटची तात्पुरती पाळ घालायची, पाणी भरायचं, आणि पूर्ण एक दिवस तसंच ठेवायचं. रविवारी संध्याकाळी भरलं तर सोमवारी संध्याकाळी निकाल. मंगळवार-बुधवार टाइल. गुरुवारी विमान.

रविवारी पाच वाजता त्यांनी पाणी भरलं. आत एक पांढरी टाइल भिंतीला टेकवून उभी केली आणि पाणी स्थिर झाल्यावर तिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. मग दूधपावडरचा एक रिकामा डबा घेतला, तो पाण्यानं भरला, आतून खिळ्यानं एक ओरखडा काढला आणि पाळीपाशी जमिनीवर ठेवला. हे करताना ते मरियमला काहीतरी समजावत होते. आणि मरियम त्यांना स्पर्धेतली गंमत सांगत होती. तिच्या आधी वाचायला गेलेली सातवीतली मुलगी स्टेजवर इतकी घाबरली की तिनं कवितेऐवजी पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा छापखान्याचा पत्ता वाचला, तोही सुरात!

“...म्हणून डबा, कळलं?” अब्बा म्हणाले.

“आय नो, अब्बा, आय नो! आणि ऐका ना, पोस्ट बॉक्सचा नंबर तर तिनं दोनदा म्हटला...”

“उद्या मी कारखान्यावर टाइली आणायला जाणार. तू इथं राखण करायची. बकऱ्या आत येता कामा नयेत. आणि कशाला हात लावायचा नाही.”

“ओके, बॉस!”

सोमवार भयंकर तापला. न्हाणीघराच्या खिडकीची झडप अब्बांनी मुद्दाम उघडी ठेवली होती, त्यातून उन्हाचा एक चौकोन पाण्यावर पडला होता आणि भिंतीवरून हळूहळू सरकत होता. मरियमनं दाराशी चटई टाकली, बकऱ्यांना अरबीत भाषण दिलं, खजूर खाल्ले. तीन वाजता सहज आत डोकावली. पांढऱ्या टाइलवरची पेन्सिलीची रेघ उघडी पडली होती. पाणी तिच्या खाली गेलं होतं.

तिनं डोळे मिचकावून पाहिलं. गुडघ्यांवर बसून पाहिलं. बोटाच्या पेराच्या पावभर तरी खाली होतं.

गळती! म्हणजे सगळं खरवडायचं. म्हणजे पुन्हा जाळी, पुन्हा तीन थर, पुन्हा वाळणं, चार दिवस. पाच वाजता अजीज येणार, रेघ बघणार, पासपोर्ट परत खिशात घालणार. गुरुवार गेला. आणि तिथं खाडीकाठी एक बाई म्हणतेय, सावकाश ये, पण ये.

मरियमनं इकडं तिकडं पाहिलं. अंगणात नळ होता, नळाखाली बादली.

एवढंसं तर पाणी! एवढ्याशानं काय होतंय? टाइल बसल्यावर वरून सगळं बंदच होणार. ती असा विचार करत होती तोवर बादली भरलीसुद्धा होती. तिनं पाळीवरून पाणी हलकेच सोडलं, थोडं बाहेर सांडलं, ते बकरीनं चाटलं. थांबली, लाटा बसू दिल्या, पुन्हा थोडं सोडलं. तिसऱ्यांदा पाणी बरोब्बर रेघेला येऊन उभं राहिलं. उरलेलं तिनं अंगणात ओतलं, ओढणीनं पाळ पुसली, आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती चक्क गाणं गुणगुणायला लागली. फुफीला ती सांगणार होती, अब्बा तिथं पोचल्यावर, फोनवर, हळूच: तुझ्या भावाला मी पाठवलंय.

पाचाला अब्बांची पिकअप आली आणि मागोमाग अजीजची गाडी. अजीजनं अंगातल्या पांढऱ्या कंदुऱ्याचा घोळ वर धरून आत वाकून पाहिलं. पाणी रेघेवर, केसभरही हललेलं नाही.

“माशाल्ला!” तो ओरडला. “जमाल, तुम मिस्त्री नहीं, इंजिनिअर है! खलास!” आणि खिशातून त्यानं निळा पासपोर्ट काढला.

अब्बांनी पासपोर्टाकडं पाहिलंच नाही. ते पाळीपाशी उकिडवे बसले होते आणि त्या दूधपावडरच्या डब्यात बघत होते. त्यांनी डब्यात बोट घातलं. खिळ्याच्या ओरखड्यापासून पाण्यापर्यंत नखानं मोजलं. मग पांढऱ्या टाइलकडं पाहिलं. मग पुन्हा डब्याकडं. मग अगदी सावकाश मान वळवून त्यांनी मरियमकडं पाहिलं.

तिला काहीच कळलं नाही. पण अब्बांचा चेहरा पाहून तिचे हात आपोआप पाठीमागं गेले.

“अरबाब,” अब्बा उठून अजीजला म्हणाले, “एक दिन और चाहिए.”

“क्यूँ? पानी तो लाइन पे है!”

“इसी लिए. डब्बे में दो सूत कम हुआ, इसमें कुछ कम नहीं हुआ. ऐसा होता नहीं. टेस्ट गलत है, फिर से करूँगा.”

अजीजनं कपाळाला हात लावला. “हबीबी, तुम्हारा टिकट गुरुवार का है! मैं बोल रहा हूँ पास, तो पास. पासपोर्ट लो, यल्ला. टाइल कोई दूसरा लगा देगा.”

“लगा देगा,” अब्बा म्हणाले. “मगर नीचे क्या है, वो नहीं जानेगा. मैं भी नहीं जानता.”

अजीजनं पासपोर्ट बळेच अब्बांच्या खिशात कोंबला आणि निघून गेला. म्हणजे पासपोर्ट मिळाला. आता अब्बांना कुणीच अडवलं नव्हतं, आणि तरी ते तिथंच उभे होते.

गाडीचा आवाज गेल्यावर त्यांनी विचारलं, “किती ओतलंस?”

मरियमचं तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यातून आवाज आला नाही.

“बाय, ओरडत नाही मी. किती ओतलंस ते सांग.”

“बादली... एक बादली. म्हणजे पूर्ण नाही. थोडं बाहेर सांडलं. थोडं उरलं, ते टाकलं.”

“मोजलंस?”

“नाही.”

अब्बांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा एकच आधार होता तो, मोजलं असतं तर हिशेब मांडता आला असता. “सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,” ते म्हणाले, जणू आदल्या दिवशीचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. “उन्हानं पाणी उडतं. डब्याला भोक नाही, म्हणजे डब्यातलं जेवढं कमी होईल ते नुसतं उन्हाचं. न्हाणीतलं तेवढंच कमी झालं तर न्हाणी पास. जास्त कमी झालं तर गळती. हे मी काल सांगितलं होतं.”

“मी ऐकलं नाही,” मरियम म्हणाली आणि रडायला लागली. “तुम्ही जावं म्हणून केलं, अब्बा. फुफीसाठी केलं. तुम्ही जा ना! पासपोर्ट आहे ना आता! जा ना!”

अब्बा पाळीवर बसले. त्यांनी तिला जवळ बसवलं, आणि मग ते बोलले, बहुतेक महिन्याभराचं एकदम.

“ही जुनी जमीन, जिच्यावर उम्म अजीज पडली, ती कुणी घातली होती माहीत आहे? मी. नऊ वर्षांपूर्वी. तू सहा वर्षांची, गावाला. तुझा आणि तुझ्या अम्मीचा व्हिसा आला होता आणि तुम्हाला आणायला मी दुसऱ्या दिवशीच्या विमानानं जाणार होतो. तेव्हापण पाणी भरून ठेवायला एक दिवस नव्हता. म्हटलं, चालेल. काही नाही होत. आता टाइल फोडल्यावर खाली बघितलं, रेती काळी, ओली, कुजलेली. नऊ वर्षं पाणी खाली जात होतं. वरून काही दिसत नव्हतं.” ते थांबले. “अजीजला वाटतं, घर जुनं झालं म्हणून आई पडली. मी त्याला सांगितलं नाही. एवढी हिंमत नाही माझ्यात. पण हे दुसऱ्यांदा करणार नाही.”

मरियम हुंदके देत होती.

“माणूस घाई करतो ना, ती चांगल्यासाठीच करतो,” अब्बा म्हणाले. “मीपण केली, तूपण केलीस. पाण्याला ते कळत नाही.”

त्यांनी बोळा काढला, पाणी सोडून दिलं, आणि नव्यानं भरलं. नवी रेघ मारली. डबा भरला. ह्या वेळी मरियम शेजारी बसून सगळं बघत होती, एक शब्द न बोलता.

मंगळवारी दिवसभर ती तिथून हलली नाही. संध्याकाळी अब्बांनी आधी डब्यात पट्टी घातली. दोन सूत. मग न्हाणीत. दोन सूत. त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली. “तू मोज.”

तिनं मोजलं. दोन आणि दोन. न्हाणीतून एक थेंबही गेला नव्हता. काल पण गेला नव्हता. तिनं हात लावला नसता तर कालच पास झाली असती.

“अब्बा, म्हणजे कालपण...”

“काल माहीत नव्हतं,” अब्बा म्हणाले. “आज माहीत आहे.” आणि ते जाळी पुसायला लागले.

अब्बांनी गुरुवारचं तिकीट बदलून रविवारचं घेतलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी दुपारी विमानाच्या वेळेला अब्बा कट्ट्याला शेवटची टाइल लावत होते. अम्मीनं जेवणाचा डबा दिला होता तो तसाच बंद. सुतळीची पहिली गाठ त्यांनी कट्ट्याच्या कडेला धरली, बरोब्बर आली. मरियमनं घड्याळ बघितलं. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं.

शुक्रवारी दुपारी गावात जुम्म्याची बांग होत असताना बानू फुफी गेली. फोनवर अब्बांच्या चुलत्यानं सगळं सविस्तर सांगितलं, जसं लोक सांगतात. सकाळी चांगली शुद्धीवर होती. पेज प्यायली दोन चमचे. ओसरीवर गाडीचा आवाज झाला की विचारायची, जमाल्या आला काय? गुरुवारच्या विमानानं निघून रात्रीच्या बसनं पहाटे अब्बा ओसरीवर पोचले असते. मरियमनं कितीदा हिशेब केला, प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. सात तास. त्यांना सात तास मिळाले असते.

घरात अम्मी रडली, शेजारच्या बायका आल्या, कुराण पढलं गेलं. अब्बा भिंतीला पाठ लावून बसले होते. रविवारचं तिकीट त्यांनी परत केलं. “आता कुणासाठी घाई करू?” ते अम्मीला म्हणाले. “चाळिसाव्याला जाईन.” सोमवारी न्हाणीत काय झालं होतं, ते त्यांनी अम्मीला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मरियमला वाटत होतं, त्यांनी सांगावं. कुणीतरी तिच्यावर जोरात ओरडावं.

शनिवारी उम्म अजीज घरी आली. दुपारी अजीजचा निरोप आला, माँ बुला रही है. अब्बा आणि मरियम गेले तेव्हा म्हातारी नाहून, केस विंचरून, अंगणातल्या सावलीत खुर्चीवर बसली होती. चेहरा उजळलेला. एक बकरी तिच्या पायाशी.

“विचार तिला,” अब्बा मरियमला म्हणाले, “कट्टा उंचीला बरोबर आहे का.”

मरियमनं विचारलं.

“जणू माझ्या गुडघ्यानंच बांधलाय!” उम्म अजीज म्हणाली. “तुझ्या बापाच्या हातांवर अल्लाची मेहेर असो. आणि त्याला विचार, बहीण कशी आहे? अजीजनं मला हॉस्पिटलात सांगितलं होतं. मी रोज दुवा केली तिच्यासाठी.”

मरियमनं अब्बांकडं पाहिलं. त्यांना समजलं होतं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, “सांग, ती गेली. काल. अल्लाची मर्जी.”

तिनं सांगितलं. स्पर्धेत घेतला होता तसा एकेक शब्द स्वच्छ घेतला, कारण तसं केलं नसतं तर तिला बोलताच आलं नसतं.

म्हातारीचा हात छातीवर गेला. तिनं दुवा पुटपुटली, आणि मग हळूच म्हणाली, “आणि हा इथं? हा गेला का नाही? माझ्या न्हाणीसाठी थांबला?”

“काय म्हणते?” अब्बांनी विचारलं, जरी त्यांना कळलं असावं. मग स्वतःच म्हणाले, “सांग, विमान मिळालं नाही.”

मरियमनं तोंड उघडलं. विमान मिळालं नाही, अरबीत तीन शब्द, सोपे.

“तुमच्यासाठी नाही,” ती उम्म अजीजला म्हणाली. “माझ्यामुळं. न्हाणीत पाणी भरलं होतं, ते कमी झालं. मला वाटलं गळतंय. अब्बांना लवकर जाता यावं म्हणून मी त्यात पाणी ओतलं. मग त्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. न्हाणी आधीपासूनच चांगली होती.”

अब्बांनी हात वर केला, बस, अशा अर्थानं. पण ती सगळं बोलून झाली होती.

बकरी उम्म अजीजच्या झग्याची कड चावत होती, तिनं ओढूनही घेतली नाही. मग तिनं हात पुढं करून मरियमचं मनगट धरलं. मेंदी लावलेली, हाडं हाडं झालेली बोटं. तिनं धीर दिला नाही, जाऊ दे म्हणाली नाही. नुसतं धरून ठेवलं, आपल्या मांडीवर, अब्बा निघायचं म्हणेपर्यंत.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये मरियमच्या पायाशी तो दूधपावडरचा डबा होता, पट्टी, करणी आणि सुतळी घातलेला. समुद्र उजवीकडं पांढरा पडला होता. दोन राउंडअबाउट गेले, पेट्रोल पंप गेला, तिची शाळा गेली, कुलूप लावलेली.

“गप्प बसू नकोस,” अब्बा एकदम म्हणाले. “बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“ते... त्या दिवशी सांगत होतीस. स्पर्धेतली कोण ती मुलगी. मीपण ऐकलं नव्हतं नीट.”

मरियमनं डबा उचलून मांडीवर घेतला. “सातवीतली होती,” ती म्हणाली. “खूप घाबरली होती. तिनं कविता म्हणायच्याऐवजी पुस्तकाच्या मागचा पत्ता वाचला. छापखान्याचा.”

“हां.”

“सुरात वाचला.”

“हां,” अब्बा म्हणाले. त्यांचे डोळे रस्त्यावर होते आणि गालावरून पाणी खाली येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. “मग?”

“मग पोस्ट बॉक्सचा नंबर,” मरियम म्हणाली. “तो तिनं दोनदा म्हटला.”